कॉव्हेंट्री ते मॅनहाइम: वचपा कोणी मागितला?

दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो. सगळे बडोद्याचे मराठी. बरेचसे निवृत्त, तिघं अजून विद्यापीठात शिकतायत. एकच घटना घ्यायची आणि ती मुळापासून उलगडायची, एवढाच नियम. या खेपेची घटना मी निवडली होती: दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४० मध्ये, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरावर जर्मनांनी केलेला बॉम्बहल्ला आणि त्यानंतर महिन्याभरात ब्रिटिश सरकारने घेतलेला एक निर्णय.

निवडीमागचं कारण सांगतो. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. बडोद्यातही भोंगा वाजला, दिवे मालवले. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पंधरा-वीस माणसं अंधारात उभी होती आणि एकेकाच्या तोंडून निघत होतं, एकाला दहा मारा, शहरच्या शहर बेचिराख करा. ही माणसं मी वीस वर्षं ओळखतो. कुणाच्या घरी दुखणं आलं तर रात्री-बेरात्री धावून जाणारी. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला होता. खाली येताना जिन्यात जाणवलं की आपण नेमकं काय मागितलं, याचा क्षणभरही विचार केला नव्हता. तो विचार करायला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याचं युद्ध बरं पडतं. आपल्या युद्धात आवाज लगेच चढतो.

अगदी दुसऱ्याचं तरी कसं म्हणू? ब्रिटिश हवाई दलाची १२४ क्रमांकाची तुकडी अधिकृत नावातच ‘बडोदा’ लावत असे. गायकवाडांच्या देणगीवर ती १९४१ मध्ये उभी राहिली. सयाजीराव १९३९ मध्ये गेले होते, गादीवर प्रतापसिंहराव होते. म्हणजे आमच्या आज्या-पणज्यांनी भरलेल्या साऱ्यातला काही पैसा त्या आकाशात उडत होता.

आधी ती रात्र

१४ नोव्हेंबर १९४०. पंचांग मागे नेलं तर आपल्याकडे त्या रात्री त्रिपुरी पौर्णिमा होती. शंकराने एका बाणात तीन नगरं जाळली त्याची आठवण म्हणून आपण देवळात त्रिपुरवाती लावतो. लहानपणापासून लावत आलो, पण त्या नगरांत राहणारं कोण होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कॉव्हेंट्रीवर त्याच पौर्णिमेचं चांदणं होतं. जर्मनांनी मोहिमेला सांकेतिक नाव दिलं होतं तेही चांदण्याचंच: ‘मूनलाइट सोनाटा’.

पुढच्या विमानांनी रेडिओ किरणांच्या आधाराने शहर हेरून आगी लावल्या. मागून येणाऱ्यांना त्या उजेडात काम सोपं झालं. संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू झालेला हल्ला पहाटे सहापर्यंत, म्हणजे जवळजवळ अकरा तास चालला. सुमारे ४५० विमानं, ५०० टन स्फोटकं आणि हजारोंनी आगलावे बॉम्ब. ५६८ माणसं मेली. चार हजारांहून अधिक घरं नष्ट झाली. कॉव्हेंट्री काही निव्वळ निरपराध बाजारपेठ नव्हती, हेही नमूद केलं पाहिजे. मोटारी, विमानांची इंजिनं, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने तिथे दाटीवाटीने होते आणि कामगारांची घरं त्यांना खेटून. युद्धात ज्याला ‘लष्करी लक्ष्य’ म्हणतात ते तिथे होतंच. पण अकरा तास जे पडत राहिलं ते कारखान्याची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत यांत फरक करत नव्हतं.

चौदाव्या शतकातलं सेंट मायकेल कॅथीड्रल त्या रात्री जळालं. त्याचे प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड आणि आणखी तिघं जण छपरावर चढून वाळूच्या बादल्यांनी आगलावे बॉम्ब विझवत होते. एक विझवावा तर दुसरे चार पडलेले. वाळू संपली, पाणी संपलं, तेव्हा ते खाली उतरले आणि उभे राहून बघत राहिले. सकाळी भिंती आणि मनोरा तेवढे शिल्लक होते. छपराच्या जळक्या तुळयांमध्ये हातभर लांबीचे जुने लोखंडी खिळे विखुरले होते. त्यातले तीन उचलून एका पाद्रीने तारेने बांधले आणि त्यांचा क्रूस केला. मी त्याचं छायाचित्र मोठं करून नेलं होतं. माडीवर ते हातोहात फिरलं. सुतारकाम जाणणाऱ्या एका काकांनी ते बराच वेळ डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, “हे घडवलेले खिळे आहेत, लोहाराच्या हातचे. ओतलेले नाहीत.” सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी ऐरणीवर ठोकलेला खिळा. एवढ्या एका वाक्याने ते कॅथीड्रल आमच्यासाठी एखाद्या जुन्या सागवानी वाड्यासारखं झालं.

कॉव्हेंट्रीबद्दल एक गोष्ट अजून मोबाइलवर फिरत असते: चर्चिलला हल्ल्याची आगाऊ खबर होती, पण जर्मन संकेतलिपी फोडल्याचं गुपित राखायला त्याने शहर जळू दिलं. १९७४ नंतर हा दावा गाजला. संशोधकांनी कागदपत्रं तपासून तो नाकारलाय. मोठा हल्ला येणार हे कळलं होतं, पण तो कॉव्हेंट्रीवर येणार हे वेळेत स्पष्ट झालं नव्हतं. आमच्यातल्या दोघांनी ही गोष्ट खरी मानली होती, म्हणून ती इथेच निकालात काढतो.

‘प्रत्युत्तरा’ची साखळी

मराठीत या एका क्रियेला किती शब्द आहेत! सूड, बदला, वचपा, उट्टं, प्रत्युत्तर, जशास तसे. ‘प्रत्युत्तर’ वर्तमानपत्राचा शब्द आहे, त्याला इस्त्री केलेली असते. ‘वचपा’ गल्लीतला. ‘सूड’ उच्चारताना माणूस थोडा थबकतो. तीच गोष्ट कोणत्या शब्दात सांगायची हे ठरलं की अर्धं राजकारण तिथेच होऊन जातं. हे प्रकरण मुळात त्याच निवडीचं आहे.

घटना ओळीने मांडून बघा. २४ ऑगस्ट १९४० च्या रात्री काही जर्मन विमानांनी वाट चुकून लंडन शहरावर बॉम्ब टाकले. दुसऱ्याच रात्री ब्रिटिशांनी बर्लिनवर विमानं पाठवली. नुकसान किरकोळ झालं, पण ४ सप्टेंबरला हिटलरने भाषणात ब्रिटिश शहरं पुसून टाकण्याची धमकी दिली. ७ सप्टेंबरपासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. ८ नोव्हेंबरला, नाझी पक्षाच्या मानाच्या दिवशी, ब्रिटिशांनी म्युनिकवर हल्ला केला. सहा दिवसांनी कॉव्हेंट्री, आणि जर्मन प्रचारखात्याने जाहीर केलं की हे म्युनिकचं उत्तर आहे. प्रत्येक कडी आधीच्या कडीचं उत्तर. या साखळीत ‘आम्ही सुरुवात केली’ असं म्हणणारं कुणीच सापडत नाही. (युद्ध कोणी सुरू केलं, यात मात्र काडीचा संशय नाही. वॉर्सा आणि रॉटरडॅम जर्मनांनी आधीच जाळलं होतं.)

सरकारची अवस्था समजून घ्यायला हवी. जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून सैन्य कसंबसं परतलं होतं. फ्रान्स पडला होता. अमेरिका युद्धात नव्हती. जर्मनीच्या भूमीला स्पर्श करू शकेल असं एकच शस्त्र ब्रिटनच्या हाती उरलं होतं, बॉम्बफेकी विमान. जुलैमध्येच चर्चिलने आपल्या एका मंत्र्याला लिहिलं होतं की हिटलरला नमवायचा एकच मार्ग दिसतो, जड विमानांनी केलेला सर्वनाशी मारा. हे कॉव्हेंट्रीच्या चार महिने आधीचं पत्र आहे. म्हणजे सूड ही एकच प्रेरणा नव्हती, हतबलताही होती.

तरीही ऑक्टोबरमध्ये एका खासदाराने संसदेच्या धूम्रपानकक्षात चर्चिलला गाठून जर्मन वस्त्यांवर बदल्याचे हल्ले करण्याचा आग्रह धरला, तेव्हा चर्चिलने त्याला झटकून टाकलं. हे लष्करी युद्ध आहे, नागरी नव्हे. तुम्हाला बायका-मुलं मारायची असतील, आम्हाला लष्करी ठिकाणं उद्ध्वस्त करायची आहेत, असा त्याचा आशय. आधी काम, मग मौज, अशी पुस्तीही त्याने जोडली. ऐकणाऱ्या दुसऱ्या खासदाराने ते डायरीत टिपून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत.

ही ऑक्टोबरची गोष्ट. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कॉव्हेंट्री आणि साउदॅम्प्टन जळाल्यावर, चर्चिलच्याच युद्ध मंत्रिमंडळाने एका जर्मन शहराच्या मध्यावर जास्तीत जास्त नासधूस करण्याची योजना मंजूर केली. कारखाना, गोदी, रेल्वेचं यार्ड असं काही लक्ष्य नाही. शहराचा मध्य. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली, आणि माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाची गाठ तिथे आहे: हा हल्ला बदल्याचा आहे असं जाहीर करायचं नाही, नंतरही त्याचा गाजावाजा करायचा नाही.

मला हे वाचून गच्चीवरच्या माणसांपेक्षा त्या बैठकीचा राग आला. गच्चीवरचा माणूस निदान मोठ्याने बोलतो, त्याला दुसऱ्या दिवशी उजेडात विचारता येतं. इथे वचपा काढायचा ठरला आणि त्याला ‘वचपा’ म्हणायचं नाही हेही ठरलं. मग संसदेत वाद घालायचा तरी कशावर?

१६ डिसेंबरच्या रात्री १३४ विमानं मॅनहाइमवर गेली. सर्वांत अनुभवी वैमानिकांनी आधी जाऊन आगी लावायच्या आणि बाकीच्यांनी त्या आगींवर बॉम्ब टाकायचे, अशी आखणी होती. कॉव्हेंट्रीत जर्मनांनी वापरलेलीच पद्धत. आगी शहराच्या मध्यावर लागल्याच नाहीत, बॉम्ब विखुरले, काही नदीपलीकडे पडले. ३४ माणसं मेली.

मतदान

इथे मी गोष्ट थांबवली आणि सगळ्यांना कागदाचा एकेक तुकडा दिला. १९४१ च्या वसंतात ब्रिटनमध्ये मतचाचणी झाली होती. प्रश्न असा की जर्मनीतल्या नागरी वस्तीवर बॉम्ब टाकण्याचं धोरण हवाई दलाने स्वीकारलं तर तुमचा पाठिंबा आहे का. मी दोन प्रदेश सांगितले: एक, महिनोन्महिने बॉम्ब खाल्लेलं मध्य लंडन. दोन, उत्तरेकडचे कंबरलँड, वेस्टमोरलँड आणि यॉर्कशरचा उत्तर भाग, जिथे मेंढ्या, डोंगर, शेतं आणि बॉम्बचा फारसा पत्ता नाही. जास्त लोकांनी ‘हो’ कुठे म्हटलं असेल?

एक सोडून सगळ्यांनी लंडन लिहिलं. पोळलेला माणूस वचपा मागणार, हे उघडच, असं प्रत्येकाचं म्हणणं.

उत्तरेकडच्या शेतकरी भागात ७६ टक्के ‘हो’. मध्य लंडनमध्ये ४५ टक्के, आणि जवळपास तितकेच ‘नाही’.

माडी गप्प झाली. मग एकेक स्पष्टीकरण यायला लागलं. विद्यापीठातली मुलगी म्हणाली, लंडनकरांना उलट फटक्याची भीती असेल, आपण मारलं की ते पुन्हा आपल्यालाच मारणार. हे पटण्यासारखं आहे, आणि त्याने आकड्याचं वजन कमी होत नाही. उलट फटका कुणावर पडतो हे ज्याला ठाऊक आहे तो आधी विचार करतो, एवढंच त्यातून दिसतं. एक काका चिडले. “मग काय गप्प बसायचं? मार खायचा?” त्यांचा प्रश्न रास्त होता. पण चाचणीतला प्रश्न ‘लढायचं का’ असा नव्हताच. लढाईला लंडनमध्ये विरोध नव्हता. विचारलं होतं ते वस्त्यांबद्दल.

ज्या एकीने उत्तरेचं नाव लिहिलं होतं त्या आमच्या काकू. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एरवी बैठकीत कमी बोलणाऱ्या. १९७१ च्या डिसेंबरमध्ये त्या जामनगरला होत्या, यजमानांच्या बदलीमुळे. सहा महिन्यांची मुलगी पदरात. पाकिस्तानी विमानं जामनगरच्या धावपट्टीवर रात्री यायची. काकू सांगायला लागल्या: दाराशी खणलेला चर, चरात पाणी झिरपलेलं, खिडक्यांना आणि वरच्या झरोक्याला खळीने चिकटवलेला काळा कागद. विमानाचा आवाज आला की मुलीच्या कानांत कापूस. “तेव्हा सूड-बिड काही सुचत नाही हो. हे विमान एकदाचं पुढे जाऊ दे, एवढंच.” मग थांबून म्हणाल्या, “आणि पुढे जाऊ दे म्हणजे दुसऱ्या कुणावर तरी जाऊ दे. तेही वाटायचं. ते खोटं कशाला सांगू?” बडोद्याहून सासऱ्यांची पत्रं यायची, त्यात मात्र कराची जाळायची भाषा असे, असंही त्या म्हणाल्या.

संसदेत काय चाललं

पुढचं झपाट्याने सांगतो, कारण इथून सगळं एकाच उताराला लागतं.

ऑगस्ट १९४१ मध्ये मंत्रिमंडळाच्या सचिवालयातल्या बट नावाच्या अधिकाऱ्याने विमानांतून काढलेली छायाचित्रं तपासून गुप्त अहवाल दिला. लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. नेम लागत नाही हे कळल्यावर दोन वाटा होत्या. विमानं दुसरीकडे वापरायची किंवा नेमच मोठा करायचा. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने दुसरी वाट धरली: शत्रूच्या नागरी जनतेचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं, मनोधैर्य हे लक्ष्य. दुसऱ्या दिवशी हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी खुलासा केला की नेम दाट वस्त्यांवर धरायचा, गोद्यांवर किंवा विमान कारखान्यांवर नव्हे.

आणि संसदेत? मजूर पक्षाचे खासदार रिचर्ड स्टोक्स पुन्हा पुन्हा उठून विचारत राहिले, धोरण बदललंय का, लक्ष्य काय आहे. हवाई खात्याचे मंत्री सिंक्लेअर उत्तर देत राहिले की लक्ष्यं लष्करी आणि औद्योगिकच आहेत. खासदारांच्या हाती ना बटचा अहवाल होता ना आदेशाची प्रत. वाद झाला, नोंदला गेला, मतं मांडली गेली. पण ज्या कागदावर वाद व्हायला हवा तो कपाटात होता. लोकशाहीत युद्धाची गुपितं असणारच, विमान कधी निघणार हे कुणी विचारत नाही. पण आपण कुणाला मारायचं ठरवलंय, हे गुपित कसं असू शकतं?

जुलै १९४३ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला या बॉम्बफेकीने आगीचं वादळ उठलं, तीस हजारांहून अधिक माणसं गेली. ९ फेब्रुवारी १९४४ ला चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल लॉर्ड्स सभागृहात उभे राहिले. ते नाझींचे कट्टर विरोधक होते, जर्मनीतून पळून आलेल्यांना त्यांनी वर्षानुवर्षं आसरा दिला होता. कारखाने आणि लष्करी ठाणी यांवर हल्ला करण्याला त्यांचा विरोध नव्हता. त्यांनी विचारलं ते एवढंच, की अख्खं शहर मिटवणं आणि त्यातला कारखाना पाडणं या दोन गोष्टी सरकारला एकच वाटतात का. तुम्ही बोलू नये असं इथल्या प्रत्येकाला वाटतं, पण कर्तव्य म्हणून बोलताय हेही प्रत्येक जण जाणतो, असं एका मंत्र्याने त्यांना भाषणाआधी सांगितलं होतं. भाषण ऐकून घेतलं गेलं. धोरण तसूभर हललं नाही.

२८ मार्च १९४५ ला, जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर बॉम्बफेकीत जळून सहा आठवडे झाल्यावर, चर्चिलनेच टिपण लिहिलं. इतर सबबी पुढे करून केवळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर होणाऱ्या बॉम्बफेकीचा फेरविचार व्हावा, असं त्यात होतं. हवाई दलाचे अधिकारी भडकले. ज्या आदेशांवर आमचे पंचावन्न हजारांवर वैमानिक आणि विमानसैनिक मेले त्याला आता ‘दहशत’ म्हणता, असा त्यांचा रोख, आणि तो चुकीचाही नव्हता. चर्चिलने टिपण मागे घेतलं. १ एप्रिलला नवीन टिपण गेलं, त्यात तो शब्द नव्हता.

आमची ‘बडोदा’ तुकडी त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये जर्मनांच्या व्ही-२ अग्निबाणांच्या तळांवर हल्ले करत होती. त्या ‘व्ही’चा जर्मन अर्थ वचपाच. तळ हेग शहराला लागून होते. ३ मार्च १९४५ ला तिथल्याच तळांवर निघालेल्या दुसऱ्या ब्रिटिश विमानांचा नेम चुकला आणि बेझाउडनहाउट ही वस्ती जळाली. पाचशेच्या वर डच नागरिक मेले. मित्रपक्षाचे नागरिक.

हॉवर्ड यांचं राहिलं. १९४० च्या नाताळात, मॅनहाइमनंतर नऊ दिवसांनी, त्यांनी जळक्या कॅथीड्रलमधून बीबीसीवर भाषण केलं. सूडाचा विचार कितीही कठीण असला तरी आम्ही मनातून काढून टाकायचा प्रयत्न करतोय, असं ते देशाला म्हणाले. मॅनहाइमवर काय आणि का ठरलं होतं, हे तेव्हा ऐकणाऱ्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

बैठक संपली तेव्हा साडेनऊ झाले होते. जिना अंधारा, म्हणून मी काकूंना हात दिला. खाली ओट्यावर टेकून चपला घालताना त्यांनी मघाची गोष्ट पुरी केली. युद्ध डिसेंबरातच थांबलं, शेजारच्यांनी दुसऱ्या दिवशी खिडक्यांचे कागद टराटरा फाडले. त्यांनी खिडक्यांचे काढले, पण झरोक्याचा कागद तसाच ठेवला. मुलीला त्या अंधाराची सवय झाली होती, उजेड आला की ती दचकून उठायची. पुढच्या दिवाळीत घर आवरायला काढलं तेव्हा कुठे तो कागद भिजवून, पातेल्याच्या काठाने खरवडून काढला.